फौज चालते कुणाच्या बैलावर?

लष्कर आणि पैसेवाले यांची शांततेच्या काळातली मैत्री म्हटलं की दिल्लीतल्या फायली, मुंबईचा शेअर बाजार आणि पुण्याचे कारखाने आठवतात. मानोरा कुणाला आठवत नाही. वाशीम जिल्ह्यातला हा तालुका कापूस, तूर, सोयाबीनचा. तोफांशी त्याचं देणंघेणं काय? तर बरंच आहे. या मैत्रीची काही रंगतदार प्रकरणं याच मातीवरून गेलीत, काही तांड्यातून आणि काही कर्जखतातून. घ्या एकेक.

दोन-तीन दिवसांचा ट्रॅफिक जाम

मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथली, रामनवमीची यात्रा इथली. नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालयही ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते इथेच उघडलं. दर्शन घेऊन परतणाऱ्या बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. कित्येक शतकं या देशातल्या बहुतेक मोठ्या फौजांच्या पोटात गेलेला दाणा याच समाजाच्या बैलांनी वाहून आणला होता.

सतराव्या शतकात हिंदुस्थानभर फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले. एवढा तांडा अरुंद वाटेवर समोरून आला, की बाकीच्या गाड्यांनी निमूट बाजूला व्हायचं आणि दोन-तीन दिवस थांबायचं. त्याने आणखी एक गंमत लिहून ठेवली आहे. या व्यापाऱ्यांच्या चार जमातींनी माल वाटून घेतला होता. एक गहू नेणार, दुसरी तांदूळ, तिसरी डाळ, चौथी मीठ. एकमेकांच्या गोणीत हात घालायचा नाही.

यात फौजेचा फायदा कुठे? सगळी मेख इथेच आहे. लढाई नसताना बंजाऱ्यांची लदेणी, म्हणजे पाठीवर माल लादलेल्या बैलांची रांग, किनाऱ्याचं मीठ वर न्यायची आणि येताना धान्य-कापूस खाली आणायची. बैलांचा चारा, माणसांची भाकरी, सगळं व्यापारातून सुटायचं. मोहीम निघाली की फौजेने तांड्याच्या नाईकाला बोलावून घ्यायचं, उचल द्यायची, की हजारो बैलांची तयार वाहतूक दारात उभी. शांततेच्या काळात तिच्यावर सरकारचा एक छदाम खर्च नाही. आजच्या कुठल्याही संरक्षण खात्याच्या हिशेबनिसाला स्वप्नात दिसावी अशी ही व्यवस्था.

रोज तीन खून माफ

नाईकांची किंमत सेनापतींना किती होती? वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांत चालत आलेली कथा अशी. १६३० च्या सुमारास शहाजहानचा वजीर आसफखान विजापूरवर चालून आला, तेव्हा भंगी आणि जंगी नाईकांचे लाखावर बैल त्याच्यासोबत होते. बैलांना चारा मिळेना आणि माणसांना पाणी, म्हणून नाईक अडून बसले. वजिराने म्हणे सोन्याच्या अक्षरांत ताम्रपटच करून दिला. चारा नसेल तर घराच्या छपराचं गवत ओढा, पाणी नसेल तर कुणाच्याही रांजणातलं घ्या, आणि दिवसाला तीन खून माफ. ही कथा एकोणिसाव्या शतकात इंग्रज पोलीस अधिकाऱ्याने टिपून घेतली ती वणी जिल्ह्यात, म्हणजे आजच्या यवतमाळात. मानोऱ्याच्या शेजारीच. ठेकेदाराला खून माफ करणारं टेंडर त्यानंतर कुणी काढल्याचं ऐकिवात नाही.

सगळेच नाईक दरबाराच्या पायाशी बसून नव्हते. दिल्लीचा लखी शाह बंजारा मोगलांना माल पुरवणारा बडा व्यापारी. १६७५ साली औरंगजेबाच्या हुकमावरून गुरु तेगबहादूरांचा शिरच्छेद झाला, तेव्हा त्याने त्यांचा देह गुपचूप आपल्या घरी आणला आणि संशय येऊ नये म्हणून अख्ख्या घरालाच आग लावून अंत्यसंस्कार उरकले. त्या जागी आज संसद भवनाजवळचा रकाबगंज गुरुद्वारा उभा आहे.

१८०३ साली ऑर्थर वेलस्ली वऱ्हाडात उतरला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. असईच्या लढाईनंतर २९ नोव्हेंबरला त्याने आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढाई दिली आणि डिसेंबरच्या मध्याला गाविलगड घेतला. त्याची त्या काळातली पत्रं चाळली, तर शत्रूइतकीच काळजी बंजाऱ्यांची दिसते. तांडा कुठे पोचला, किती दाणा आणला, अजून का आला नाही! तांडे दोन्ही बाजूंना धान्य विकत आणि दोन्ही बाजू त्यांना सहसा हात लावत नसत. उद्या आपल्यालाही भूक लागणार, हे दोघांनाही कळत होतं.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि लदेणीचा कणाच मोडला. त्यानंतर ज्यांच्या दाण्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजा जिंकल्या, त्याच समाजाच्या माथी गोऱ्या सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा मारला. ठेकेदाराचं बिल असंही चुकवता येतं.

वऱ्हाड गहाण पडलं, तेही युद्ध नसताना

आता याच्या नेमकं उलट, शांततेतही पोसाव्या लागलेल्या फौजेचं प्रकरण. यात मानोऱ्यासकट अख्खं वऱ्हाड गहाण पडलं.

वऱ्हाड होतं हैदराबादच्या निजामाचं. १८०० च्या तहात निजामाने इंग्रजांना कबूल केलं होतं, की युद्ध झालं तर सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ देईन. युद्ध झालं तर! इंग्रजांनी हळूहळू त्याची कायमची फौज करून टाकली. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीचा, पगार निजामाचा. तिचं नाव हैदराबाद कंटिंजेंट. पेंढाऱ्यांचा आणि पेशव्यांचा निकाल लागला, लढायचं कुणाशी हा प्रश्न पडला, तरी फौज कायम आणि पगारही कायम. वाशीमकरांच्या उशालाच, हिंगोलीला तिची छावणी होती. वर अचलपूरलाही.

पगार थकायला लागले तसे सावकार पुढे आले. विल्यम पामर आणि कंपनी ही हैदराबादची पेढी. ती फौजेचा पगार भागवायला निजामाला शेकडा चोवीस व्याजाने पैसे द्यायची आणि बदल्यात महसुलावर हक्क घ्यायची. पेढीचा एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड याची बायको गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या घरी वाढलेली. त्यामुळे वर कुणी ब्र काढेना. १८२० मध्ये या पेढीने साठ लाखांचं भलंथोरलं कर्ज दिलं. त्याच साली रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने वह्या उघडायला लावल्या आणि सगळं भांडं फुटलं. काही वर्षांत पेढी बुडाली.

अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर १७ जानेवारी १९६१ ला निरोपाच्या भाषणात म्हणाले, की लष्कर आणि कारखानदार यांच्या युतीपासून सावध राहा. स्वतः पंचतारांकित जनरल राहिलेल्या माणसाने हे म्हणावं याचं जगाला मोठं अप्रूप वाटलं. हैदराबादेत हा धडा एकशे चाळीस वर्षं आधीच शिकवून झाला होता. फक्त तिथे कारखानदाराच्या जागी सावकार होता.

पामर गेले, पेस्तनजी आले. तारापूरचे विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे पारशी बंधू. १८२५-२६ मध्ये वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर थेट मुंबईला धाडला तो यांच्या पेढीने, आणि तोही बैलांच्याच पाठीवर. खामगावला कापूस दाबायचे दाब यांनीच बसवले. निजामाला कर्ज देता देता वऱ्हाडचा महसूल यांच्याकडे तारण आला. औरंगाबादच्या टांकसाळीत यांच्या नावाने ‘पेस्तनशाही’ रुपया पडू लागला. सावकाराच्या नावाचं नाणं! पण राजाला दिलेलं कर्ज वसूल कोण करणार? १८४० च्या दशकात निजामाने महसूल काढून घेतला आणि पेढी खड्ड्यात गेली.

शेवटी १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने हिशेब मांडला. कंटिंजेंटच्या पगाराची बाकी फार झाली, तेव्हा वऱ्हाड आमच्या ताब्यात द्या, महसुलातून आम्ही पगार भागवू. निजामाने कुरकुर करत सही केली. अशा रीतीने मानोऱ्याच्या शेतकऱ्याचा शेतसारा एका न लढणाऱ्या फौजेच्या पगाराला लागला. पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेत यादवी पेटली, कापसाला सोन्याचा भाव आला आणि गहाण घेतलेला माल इंग्रजांना चांगलाच फळला. वऱ्हाड परत काही मिळालं नाही. १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाखांवर कायमचा पट्टा लिहून घेतला. निजामाच्या वारसाला १९३६ मध्ये ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब तेवढा मिळाला.

आता या कथेची शेपटी. या कंटिंजेंटमधल्या पलटणींचं पुढे काय झालं? इंग्रजांच्या मुख्य लष्करात मिसळत, नावं बदलत १९४५ मध्ये त्यांची कुमाऊं रेजिमेंट झाली. तिची चौथी बटालियन मूळची १७८८ मध्ये अचलपूरच्या नवाब सलाबतखानाने उभी केलेली. भारताचं पहिलं परमवीरचक्र मिळवणारे मेजर सोमनाथ शर्मा याच बटालियनचे. अल्मोडा-राणीखेतच्या पहाडात नांदणाऱ्या या रेजिमेंटचं पाळण्यातलं नाव वऱ्हाडी आहे.

पाच टन सोन्याची दंतकथा

निजामांचाच विषय निघाला आहे तर हेही. १९६५ च्या युद्धानंतर शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी लालबहादूर शास्त्रींना पाच टन सोनं दान केलं, ही गोष्ट दर दोन-चार महिन्यांनी मोबाईलवर फिरत येते. झालं होतं असं, की सरकारने राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोखे काढले आणि निजामांनी त्यात ४२५ किलो सोनं गुंतवलं. दान केलं नाही, रोखे घेतले. ४२५ किलो काही थोडकं नव्हे, पण ज्या घराण्याचं वऱ्हाड लष्करी हिशेबात गेलं, ते पुढच्या वेळी पावती घेणारच.

एक तांड्यातला, एक कराडचा

चीनकडून मार खाल्ल्यावर नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्याच महिन्यात संरक्षण उत्पादनासाठी वेगळा विभाग निघाला. नागपूरजवळची अंबाझरी आणि भंडाऱ्याजवळची जवाहरनगर आयुधनिर्माणी हीदेखील या धक्क्यानंतरचीच उभारणी. नोव्हेंबर १९६५ मध्ये चव्हाणांच्याच कारकिर्दीत आणखी एक विभाग आला, संरक्षण पुरवठ्याचा. त्याचं काम एकच. खाजगी कारखान्यांत जाऊन विचारायचं, की लष्कराला लागणाऱ्या या वस्तूंपैकी तुम्ही काय काय बनवू शकता?

त्याच वेळी मुंबईत मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, मानोऱ्याशेजारच्या पुसदजवळच्या गहुलीचे. फौजांना दाणा पुरवणाऱ्या समाजाचा मुलगा मुख्यमंत्रिपदी आणि कराडकडचा शेतकरी घरातला मुलगा संरक्षण खात्यात, असा तो योग होता. दोघांनाही बाहेरगावाहून येणाऱ्या मालाची वाट बघणं म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावं लागलं नसेल.

साखर, कुलूप आणि रेल्वेचा डबा

बंजाऱ्यांची पद्धत, म्हणजे शांततेत आपलं पोट आपण भरायचं आणि हाक आली की फौजेसाठी उभं राहायचं, ती मेली नाही. तिने कारखान्याचे कपडे घातले.

इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचा कारखाना साखर कारखान्यांची यंत्रं बनवण्यासाठी प्रसिद्ध. त्याच छपराखाली नौदलाच्या युद्धनौकांचे गिअरबॉक्स आणि इस्रोच्या अग्निबाणांची कवचंही बनतात. उसाचा चरक आणि युद्धनौका यांचं गणगोत असं जवळचं आहे. वालचंद हिराचंद, सोलापूरचे, यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. निमित्त काय, तर विमानप्रवासात त्यांची एका अमेरिकन विमानविक्याशी गाठ पडली. विल्यम पॉली त्याचं नाव. हाच कारखाना पुढे एचएएल झाला. युद्ध संपलं, विमानांची मागणी आटली, तेव्हा तिथल्या कारागिरांनी काय केलं? रेल्वेचे डबे आणि बसची बॉडी बनवली. हात रिकामा ठेवला नाही.

गोदरेजची सुरुवात १८९७ साली कुलपांनी झाली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या विक्रोळीत बनल्या. आज ब्राह्मोस क्षेपणास्त्राचा सांगाडा याच समूहाकडे बनतो. तुमच्या कपाटाचं आणि देशाच्या सीमेचं कुलूप एकाच घरचं.

पुण्याच्या मुंढव्यातल्या भारत फोर्जने ट्रकचे क्रँकशाफ्ट आणि अ‍ॅक्सल ठोकून नाव काढलं. तोफा बनवायची हौस कंपनीचे प्रमुख बाबा कल्याणींना एवढी, की त्यांनी स्वित्झर्लंडमधला तोफांचा कारखाना विकत घेतला, सुटा केला आणि पुण्यात आणून पुन्हा जोडला. तोवर लष्कराची ऑर्डर हातात नव्हती! पाषाणच्या डीआरडीओ प्रयोगशाळेच्या आराखड्यातून निघालेली ‘एटॅग्ज’ ही तोफ १५ ऑगस्ट २०२२ ला लाल किल्ल्यावरच्या सलामीत पहिल्यांदा गरजली. ३०७ तोफांचा करार मात्र मार्च २०२५ मध्ये झाला, भारत फोर्ज आणि टाटा मिळून. एवढी वाट बघायला खिसाही खोल लागतो.

महिंद्रांची गोष्ट तर इतिहासाच्या पेपरात यावी अशी. १९४५ साली कंपनीचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि नंतर गव्हर्नर जनरल. इथे ‘मोहम्मद’च्या जागी दुसरं ‘महिंद्रा’ लागलं. मधल्या काळात कंपनीने महायुद्ध गाजवलेली विलीज जीप मुंबईत जोडायला सुरुवात केली होती.

कोळशाच्या खाणीतून आकाशात

नागपूरच्या सोलार इंडस्ट्रीजचे सत्यनारायण नुवाल मूळचे राजस्थानातल्या भिलवाड्याचे. चंद्रपूरकडच्या कोळसा पट्ट्यात, बल्लारपूरला, सुरुंगाच्या दारूचा किरकोळ व्यापार करत त्यांनी सुरुवात केली. कोळसा फोडायला स्फोटकं लागतात, आणि विदर्भात कोळसा भरपूर. १९९५ मध्ये स्वतःचा कारखाना उभा राहिला. पुढे लष्करासाठीची स्फोटकं आली, मग हातबॉम्ब, मग पिनाकाची रॉकेटं, मग ड्रोन.

हातबॉम्बाचं जरा जवळून पाहू. आपलं लष्कर पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या घडणीचा ३६ नंबरचा हातबॉम्ब वापरत आलं. ओतीव लोखंडाचं बोंड, कापे पाडलेलं. डीआरडीओच्या आराखड्यावर नागपूरला बनलेला नवा बॉम्ब प्लास्टिकच्या अंगाचा आणि दुहेरी कामाचा आहे. तुकड्यांचं कवच चढवलं की तो खंदकातून फेकायचा, कारण तुकडे दूरवर उडतात. कवच काढलं की चालून जाताना फेकायचा, कारण मग नुसता दणका बसतो आणि फेकणारा वाचतो. दहा लाख बॉम्बचा करार झाला आणि २४ ऑगस्ट २०२१ ला पहिली खेप नागपुरात लष्कराच्या हवाली झाली. याच घरचा ‘नागास्त्र’ हा पाठीवर बांधून न्यायचा ड्रोन तर अस्सल व्यापाऱ्याचं अपत्य. लक्ष्य सापडलं नाही, तर पॅराशूट उघडून परत येतो. माल वाया जाऊ देत नाही.

चटपटीत लिहिताना हेही लिहिलं पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये सोलारच्या बाजारगाव कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार गेले. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत आठ. मे २०१६ मध्ये पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, तेव्हा जवान आणि अग्निशमन कर्मचारी मिळून डझनाहून अधिक जीव गेले. नफ्यातोट्याच्या पानावर हे आकडे नसतात, आणि गेलेल्यांची घरं बहुतेक विदर्भातल्याच गावांत असतात.

सुटे मोती

साबण, चहा, टूथपेस्टच्या कंपन्यांना लष्कराच्या कॅन्टीन स्टोअर्सच्या यादीत जागा मिळावी म्हणून केवढी धडपड! यादीतल्या प्रत्येक वस्तूला स्वतःचा क्रमांक असतो. या खात्याचं मुख्यालय सरहद्दीवर कुठे नाही, मुंबईत मरीन लाइन्सला आहे.

निवृत्त सैनिकांच्या कंपन्या कोळशाची भराई आणि वाहतूक करतात, अशी संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन खात्याची जुनी योजना आहे. नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खाणींवर टिप्परची रांग दिसली, तर तिच्यामागे कुणा निवृत्त अधिकाऱ्याची सही असू शकते.

९ सप्टेंबर २०२१ ला राजस्थानात बाडमेरजवळ राष्ट्रीय महामार्गावर हवाई दलाचं मालवाहू विमान उतरलं. आत संरक्षणमंत्री राजनाथ सिंह आणि रस्तेमंत्री नितीन गडकरी शेजारी-शेजारी. धावपट्टीचा खर्च रस्ते खात्याच्या अंगावर, उपयोग हवाई दलाला, आणि एरवी वर्षभर त्यावरून ट्रक पळणार. भंगी-जंगी नाईकांना हा सौदा लगेच पटला असता.

आणि गायी. जवानांना ताजं दूध मिळावं म्हणून १८८९ मध्ये अलाहाबादेत पहिलं लष्करी दुग्धालय निघालं, मग छावण्यांच्या गावोगावी. पुण्याकडेही होती. लष्कराने कृषी संशोधन परिषदेच्या जोडीने साहिवाल आणि होल्स्टीन यांच्या संकरातून ‘फ्रीझवाल’ नावाची गाय तयार केली. देशात दुधाचा महापूर आला, सहकारी दूध संघ बलाढ्य झाले, आणि एकशे बत्तीस वर्षांनी, ३१ मार्च २०२१ ला, लष्कराने ही दुग्धालयं बंद केली. गायी नाममात्र दरात सरकारी खात्यांना आणि दूध संघांना देऊ केल्या. जवानाच्या चहातलं दूध आता पुन्हा बाहेरचा पुरवठादारच आणून देतो.